कातडीचं ऐक, नसांना जप

पोरी, आता घर तुझ्या हातात आलंय, म्हणजे घरातलं दुखणंखुपणंही आधी तुझ्याच कानावर येणार. सासऱ्यांचे तळवे बधिर झालेत, जाऊबाईंना बोटांच्या मुंग्यांनी रात्री जाग येते, शेजारच्या आजींची नागीण बरी झाली तरी आग काही थांबत नाही. तिन्ही दुखणी वेगळी दिसतात, पण तिन्हींत गुंतलेली जोडी एकच आहे: कातडी आणि तिच्यात पसरलेल्या जाणिवेच्या नसा, ज्यांना डॉक्टर मज्जातंतू म्हणतात. जिथं दुखायला हवं तिथं दुखत नसेल तर घाई करायची. आणि जखम भरून गेल्यावरही कुणाचं दुखत राहिलं, तर त्या माणसावर विश्वास ठेवायचा. एवढं मनात पक्कं कर, मग पुढचं सावकाश वाच.

आधी जोडीची ओळख

१. कातडीला नुसतं पांघरूण समजू नकोस — मोठ्या माणसाच्या अंगावर ती दीड ते दोन चौरस मीटर पसरलेली असते, आणि तिच्या वरच्या थरातल्या पेशीसुद्धा नसांच्या टोकांना रासायनिक निरोप देत असतात.

२. केसांच्या आकड्याची दोन टोकं अर्ध्या सेंटिमीटरवर धरून, पोराला डोळे मिटायला सांगून, आधी त्याच्या बोटाला लाव आणि मग पाठीला — बोट ‘दोन’ म्हणेल, पाठ ‘एक’ म्हणेल. बोटांच्या पेरांत स्पर्श टिपणारी टोकं दाट असतात, त्यांना दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही उमगतं. पाठीला तीन-चार सेंटिमीटर लागतात.

३. तव्याला बोट लागलं की आधी चटका आणि मग आग, असं दोनदा दुखतं ते उगाच नाही — चटक्याचा निरोप जलद नसांतून सेकंदाला पाच ते तीस मीटर धावतो, आगीचा निरोप बारीक नसांतून सेकंदाला मीटरभरच सरकतो. पहिला निरोप हात मागे घ्यायला लावतो, दुसरा तो हात जपायला.

४. भाजलं की वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धर, टूथपेस्ट आणि शाई लांब ठेव — उष्णता कातडीत खोल उतरायची थांबते आणि नसांची टोकं वाचतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं, तेव्हा आधी चांगल्या हातानं पाणी बघ. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बादलीतलं गार पाणीही चालतं.

५. ठेचा कुटून झाला की हाताला आधी तेल चोळ, मग साबण लाव, आणि तोवर डोळ्याला हात नको — मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नसेच्या टोकावरच्या ज्या प्रथिनाला तो अंश चिकटतो, तेच प्रथिन ४३ अंशांच्या आसपासची उष्णता ओळखतं, म्हणून तिखटाची खरोखर आग होते. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाची जाणीव देणारी प्रथिनं शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

६. पोर धडपडलं की लागलेल्या जागेच्या आजूबाजूला हलक्या हातानं चोळ — स्पर्शाच्या जाड नसांचा निरोप मज्जारज्जूत पोचला की दुखण्याचा निरोप तिथंच थोडा अडतो. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली हे मांडलं, आणि दुखण्याकडे बघायची डॉक्टरांची नजर बदलली.

७. आजारी माणसाच्या हातावरून, पाठीवरून हात संथ फिरव, घाईनं थोपटू नकोस — सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर चालणाऱ्या स्पर्शासाठी केसाळ कातडीत वेगळ्या बारीक नसा आहेत, आणि त्यांच्यातून मेंदूला बरं वाटतं.

कामाचे हात

बोटांची जाण काय असते ते बघायचं तर सोलापुरात लांब जावं लागत नाही. बिडी वळणाऱ्या बाईसमोर पाच मिनिटं बस. मांडीवर सूप, पान मापात कापलेलं, चिमटीत तंबाखू, वळण, तोंडाची दुमड, दोऱ्याचे वेढे. बोलता बोलता नजर दारात गेली तरी बोटांना बिडीची जाडी बरोबर कळते. मजुरी हजार बिड्यांवर ठरते, म्हणून हात थांबत नाहीत. माझं त्या बायांना आणि तुला सांगणं एकच: मजुरी हजारावर मिळते, बोटं मात्र दहाच मिळतात.

८. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर मनगट डॉक्टरांना दाखव — मनगटातल्या अरुंद वाटेतून जाणारी नस दाबली जाते, आणि ती नस याच बोटांची असते. करंगळी यात सुटते.

९. झोपताना मनगट सरळ राहील असा पट्टा बांधायला सांग — झोपेत मनगट दुमडलं की नसेवरचा दाब वाढतो. बऱ्याच जणींना सुरुवातीला एवढ्यानंच आराम पडतो.

१०. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपराकडे लक्ष दे — ती नस कोपराच्या मागं कातडीला लागूनच असते. टेबलावर कोपर टेकून तासभर फोनवर बोललं की तीच चेपते.

११. बिडी असो, शिलाई असो, माग असो की मोबाईल, अर्ध्या-पाऊण तासानं हात खाली सोड, मूठ उघड-मीट कर आणि मगच पुढचं काम घे — दाब हटला की नसेला रक्त मिळतं, आणि लवकर सावरलेली नस पूर्ववत होते.

१२. हातातून कपबशी निसटायला लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा खचलेला दिसला, तर महिनाअखेरीची वाट पाहू नकोस — स्नायू वाळत चालल्याची ती खूण आहे, आणि उशीर झाला की शस्त्रक्रियेनंही सगळी ताकद परत येत नाही.

साखरवाल्यांचे पाय

१३. घरात मधुमेह असेल तर पायांपासून सुरुवात कर — शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि साखर त्यांनाच आधी पोखरते. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांत, मोजा घातल्यागत वर चढतो.

१४. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवायचा — न दुखणारी जखम दुप्पट खाते. जिथं दुखणं राखण करत नाही, तिथं डोळ्यानं करावी.

१५. गड्ड्याच्या यात्रेला जा, सिद्धेश्वराचं दर्शन घे, पंढरपूरला जा, पण ज्यांचे तळवे बधिर आहेत त्यांनी चालताना पायात काहीतरी घालावं आणि देवळात सकाळी फरशी गार असताना जावं — दुपारी दगड आणि डांबर इतकं तापतं की फोड येतात, आणि त्या माणसाला ते घरी आल्यावर दिसतात.

१६. चप्पल-बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे आणि आत हात फिरवायचा — ज्वारीएवढा खडा दिवसभर टोचत राहिला तरी बधिर पाय तक्रार करत नाही.

१७. आंघोळीचं पाणी सासऱ्यांच्या पायानं नको, तुझ्या कोपरानं बघ; बधिर पायाला शेकायची पिशवी आणि शेगडी बंद — गरम काय आणि पोळणारं काय, हे सांगणाऱ्या नसा तिथं गप्प झालेल्या असतात.

१८. कुरूप ब्लेडनं कापू देऊ नकोस, कुरपाची औषधी पट्टीही लावू नकोस — त्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही खातं, आणि खालची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

१९. भेगांना तेल लाव, बेचक्यांत मात्र लावू नकोस — तिथं ओल राहिली की बुरशी धरते, आणि चिरलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात.

२०. वर्षातून एकदा नायलॉनच्या धाग्याची तपासणी करून घ्यायची — तो बारीक धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढा दाब तळव्याला कळला नाही, तर पायाची राखण करणारी जाणीव गेली असं समजायचं. दुखत नाही, दोन मिनिटांत संपते.

२१. मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू असेल किंवा माणूस पक्का शाकाहारी असेल, तर बी-१२ तपासायला सांग — ते कमी पडलं तरी अशाच मुंग्या येतात. सगळं खापर साखरेवर फुटतं आणि साधा इलाज राहून जातो.

न दुखणारा चट्टा

२२. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर मलमं लावत बसू नकोस, सरळ सरकारी दवाखान्यात दाखव — तो कुष्ठरोग असू शकतो. १८७३ साली हॅन्सननं शोधलेला त्याचा जंतू शरीराच्या गार भागांत वाढतो. म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत घर करतो.

२३. निदान झालं तर घाबरू नकोस आणि गोळ्या अर्ध्यावर सोडू नकोस — औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, आणि रोग पूर्ण बरा होतो.

२४. उपचार चालू असताना एखादी नस ठणकायला लागली, चट्टे लालबुंद झाले किंवा हातातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा — मेलेल्या जंतूंवरही शरीर चवताळतं आणि त्या सुजेत नस कायमची जाते. वेळेवर औषध मिळालं तर वाचते.

२५. ‘या रोगात बोटं झडतात’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे समजावून सांग — डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. बोटं जातात ती चटके, चिरा आणि चिघळलेल्या जखमांनी, कारण हाताला दुखणंच कळत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. तवा उतरवताना जाड फडकं घेतलं, रोज हात तपासला, तर बोटं शाबूत राहतात.

२६. अशा माणसाला ताटापासून दूर ठेवू नकोस — आपल्या महाराष्ट्रात मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवनात, बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढून या माणसांना जवळ केलं, तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. आज ती आहेत, रोगी घरात राहूनच बरा होतो.

नागीण आणि तिच्यामागची आग

२७. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पाण्याचे फोड उठले, तर दिवस मोजू नकोस, तास मोज — विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. गेरू नको, मंत्र नको. लेपाखाली जखम चिघळते आणि तास वाया जातात.

२८. ‘नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो’, हे मनातून काढून टाक — लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळ नसेच्या मुळाशी दडून बसतो. पुढं वयानं किंवा आजारानं ताकद घटली की तो एकाच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. त्या नसेचा पट्टा अंगाच्या मध्यरेषेवर संपतो, म्हणून नागीण बहुधा एकाच बाजूला असते.

२९. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा — ती नस डोळ्यातही जाते, आणि नजर धोक्यात येते.

३०. फोडांवर खपली धरेपर्यंत तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बाया यांना लांब ठेव — फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

३१. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचार — दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस घ्यावे लागतात. महाग आहे, पण नागिणीमागून येणारं दुखणं फार लांबतं, आणि वयस्कर माणसाला ते जास्त छळतं.

दुखणं मुक्कामाला राहिलं तर

३२. पुरळ गेलं, कातडी गुळगुळीत झाली, तरी आजी म्हणतात पदर लागला की जीव जातो, तर ते खरं मान — मागाच्या शेडमधून घरी आल्यावरही कानात खटखट चालूच राहते, तसं लांबलेल्या दुखण्यानं मज्जारज्जू आणि मेंदू निरोप वाढवून ऐकायला लागतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली याची सुरुवात प्रयोगानं दाखवून दिली. कपड्याचा साधा स्पर्शही मग वेदना म्हणून पोचतो.

३३. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं हे स्वतःच आजार समजून त्याच्यावर इलाज कर — जखम बुजली म्हणून हिशेब मिटत नाही.

३४. डॉक्टरांनी नैराश्याची किंवा फिटची गोळी दिली म्हणून बावरू नकोस — अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिनसारखी औषधं नसांचा अतिरेकी निरोप खाली आणतात. पहिले काही दिवस झोप येते, म्हणून रात्री उठताना म्हाताऱ्या माणसाला हात दे. आणि आपल्या मनानं गोळी एकदम बंद करू नकोस.

३५. दुकानातून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवू नकोस — नसांच्या आगीवर ती फारशी चालत नाही, मूत्रपिंडाला आणि पोटाला मात्र त्रास देते.

३६. कातडी पूर्ण भरली असेल तर दुखऱ्या भागाला कापडाची सवय लाव: आधी कापूस, मग धुऊन मऊ झालेलं सुती पातळ, मग आपला सोलापुरी टॉवेल, आणि सगळ्यात शेवटी चादर — दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं, सोसेल इतपतच. फिजिओथेरपीवाले हेच शिकवतात, कारण निरुपद्रवी स्पर्श पुन:पुन्हा मिळाला की मज्जासंस्था त्याला घाबरायचं सोडते.

३७. मोडलेल्या हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर हात सुजत असेल, रंग बदलत असेल आणि आग आग होत असेल, तर त्याला गळ्यात अडकवून ठेवू नकोस, लगेच दाखव — वापरात नसलेला हात जास्त दुखतो. लवकर हलवायला लागलं तर तो सावरतो.

३८. रोजचं चालणं आणि रात्रीची झोप औषधाइतकीच मनावर घे — झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त वाटतं, आणि चालण्यानं शरीरात वेदना दाबणारी स्वतःची रसायनं वाढतात.

३९. दुखणाऱ्या माणसाला ‘काही दिसत तर नाही’ असं कधी म्हणू नकोस. ‘कशानं वाढतं, कशानं कमी होतं?’ असं विचार आणि वहीत लिहून ठेव — दिसत नाही ते दुखणं खोटं नसतं, आणि ती वही डॉक्टरांच्या फार कामाला येते.

आणि हे तीन थांबायचे नाहीत

४०. तोंडाची एक बाजू वाकडी, एका बाजूचा हात-पाय एकाएकी बधिर किंवा लुळा झाला, तर १०८ ला फोन कर — तो मेंदूचा झटका असू शकतो, आणि तिथं मिनिटांचा हिशेब असतो.

४१. छातीत दाटून डावा हात, जबडा किंवा खांदा दुखायला लागला तर बाम चोळत बसू नकोस — हृदयाच्या आणि हाताच्या नसा मज्जारज्जूत एकाच टप्प्यावर येतात, म्हणून हृदयाचं दुखणं हातात जाणवतं.

४२. कंबर दुखत असताना बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी दवाखान्यात ने — मणक्याखालच्या नसा दाबल्याची ती खूण आहे, आणि सकाळपर्यंत त्या राहतीलच असं नाही.

सगळं एका दिवसात पाठ होणार नाही, होऊ पण नये. आज रात्री जेवणं झाली की सासऱ्यांचे तळवे बघ, जाऊबाईंना कुठल्या बोटांना मुंग्या येतात ते विचार, आणि शेजारच्या आजींना सांग की त्यांची आग खरी आहे आणि तिच्यावर औषध आहे. तिघांपैकी कुणालाही दाखवायचं ठरलं तर उद्याच ने. नसा जातात त्या उशिरानं. वेळेवर नेलेल्या माणसाचं पुष्कळ काही वाचतं.